‘व्यर्थ हो व्यर्थ’ : मूळ हिब्रूत नक्की काय आहे?

अर्धवट_माहितगार

गेल्या महिन्यात वसईला एका मित्राच्या वडिलांच्या प्रार्थनेला गेलो होतो. तिथे मित्राच्या बहिणीने बायबलमधल्या ‘उपदेशक’ या पुस्तकाची सुरुवात वाचली. “व्यर्थ हो व्यर्थ! सर्वकाही व्यर्थ!” माझ्या शेजारी बसलेले एक म्हातारे काका पुटपुटले, “चार पोरं शिकवली, वाडीत विहीर खणली, आणि हे म्हणतायत व्यर्थ.”

मला काकांचं म्हणणं इतकं पटलं की घरी येऊन शोधत बसलो. सापडलं ते असं.

मूळ शब्द आहे ‘हेवेल’. नुसता उच्चारून बघा. ‘ह’ म्हणताना तोंडातून जेवढी हवा सुटते, जवळजवळ तेवढाच त्याचा अर्थ. श्वास, वाफ. थंडीच्या दिवसांत बोलताना तोंडापुढे दिसते आणि दिसेपर्यंत विरते, ती. बायबलमधल्याच यशयाच्या पुस्तकात ५७व्या अध्यायात मूर्तींना वारा उडवून नेईल, हेवेल घेऊन जाईल असं आहे, म्हणजे शब्द वाऱ्याच्या जोडीनेच आलाय. १४४व्या स्तोत्रात माणूस हेवेलसारखा आणि त्याचे दिवस सरत्या सावलीसारखे. ६२व्या स्तोत्रात तर सगळी माणसं तराजूत घातली तरी हेवेलपेक्षा हलकी भरतात. वजनाची भाषा आहे बघा, किमतीची नाही.

‘उपदेशक’मध्ये हा शब्द ३८ वेळा येतो. इतक्या छोट्या पुस्तकाच्या मानाने हे फारच झालं. जुन्या ग्रीक अनुवादात त्याचं ‘माताइओतेस’ झालं, म्हणजे निष्फळपणा. चौथ्या शतकाच्या शेवटी जेरोमने लॅटिनमध्ये ‘वानितास’ केलं, म्हणजे रितेपणा. गंमत म्हणजे आपल्याआधीच्या काही ग्रीक अनुवादकांनी इथे ‘वाफ’ असा शब्द ठेवला होता, हे जेरोमला ठाऊक होतं. त्याने स्वतःच्या टीकेत तसं नोंदवलंय. तरी शब्द घेतला वानितास. तिथून १६११च्या इंग्रजी बायबलात ‘व्हॅनिटी’ आणि आपल्याकडे ‘व्यर्थ’.

म्हणजे मूळात डोळ्यांना दिसणारी एक वस्तू होती, तिचा आता शेरा झालाय. मास्तर लाल शाईत मारतात तसा.

हिब्रू माझी स्वतःच्या हिमतीवर, पुस्तकं चाळून शिकलेली आहे, तेव्हा चुकलो तर कान धरा. पण तुम्ही असता तर मराठीत काय म्हटलं असतं?

शंकासुर

‘माया’. धागा संपला. :)

अर्धवट_माहितगार

शंकासुर, माया नको. माया म्हटलं की जग खरं नाही असं ऐकू येतं. हा माणूस तसं कुठेच म्हणत नाही. सूर्य उगवतो, मावळतो, धापा टाकत पुन्हा जागेवर जातो. नद्या समुद्राला मिळतात आणि समुद्र भरत नाही. सगळं खरं आहे, फक्त मुठीत येत नाही. शंकराचार्यांना इथे आणलं तर त्यांच्यावरही अन्याय आणि याच्यावरही.

खारी_बिस्किट

याच कारणासाठी पंडिता रमाबाई आठवल्या. बाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावला अख्खं बायबल मराठीत आणलं. १९२२ साली त्या गेल्या, छापून आलं १९२४ला. त्यांचं संस्कृत केवढं दांडगं होतं हे वेगळं सांगायला नको, आणि तरी (की म्हणूनच?) हिंदू तत्त्वज्ञानाचा वास लागलेले शब्द बायबलच्या मराठीत नकोत, बायाबापड्यांना कळेल असं लिहायचं, हा त्यांचा आग्रह. संस्कृत न येणाऱ्याला ‘माया’ निरुपद्रवी वाटते. ज्याला येतं त्याला तिचा इतिहास टोचतो.

पाणिनीचा_पोपट

लेख बरा आहे, पण ‘व्यर्थ’वर उगाच राग काढलाय. वि + अर्थ. आता ‘अर्थ’ म्हणजे काय काय बघा: शब्दाचा अर्थ, पैसा, हेतू. तिन्ही नाहीत ते व्यर्थ. आणि उपदेशक दुसऱ्याच वाक्यात काय विचारतो? माणूस सूर्याखाली एवढे कष्ट करतो त्यात त्याला ‘यित्रोन’ काय? ‘उरणे’ या धातूवरून आलेला शब्द आहे हा. जमाखर्च मांडून झाल्यावर खाली उरते ती शिल्लक. वाण्याच्या वहीतला प्रश्न आहे, आणि त्याला ‘व्यर्थ’ हे चोख उत्तर आहे. अर्थ शून्य. इंग्रजी व्हॅनिटीची पुढे गर्व झाली, आरशाचं टेबल झालं, पर्स झाली. आपल्या शब्दाचं तसं काही झालेलं नाही.

मला खुपतं ते वेगळंच. मूळ वाक्य ‘हवेल हवालिम’ असं आहे. पहिला शब्द षष्ठीच्या नात्याने दुसऱ्याला बांधलेला, दुसरा अनेकवचनी. हेवेलांमधलं हेवेल. हिब्रूत ‘सर्वांत’ म्हणायची ही रीतच आहे. पवित्रांतलं पवित्र म्हणजे मराठी बायबलातलं ‘परमपवित्रस्थान’. गीतांतलं गीत म्हणजे ‘गीतरत्न’. आपल्याकडे देवाधिदेव, राजाधिराज हे त्याच जातीचे. ज्यांनी ‘गीतांचं गीत’ न म्हणता ‘गीतरत्न’ म्हटलं त्यांना व्याकरण पक्कं कळलं होतं. मग इथे मात्र ‘व्यर्थ हो व्यर्थ’ असा नुसता घोष का? तर ‘व्यर्थ’ला अनेकवचन होत नाही. विशेषण घेतलंत की नामाची गंमत गेली.

अर्धवट_माहितगार

पोपटराव, हे नाम-विशेषणाचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. धन्यवाद. ‘सर्वकाही व्यर्थ’ हा निकाल आहे आणि ‘सर्वकाही वाफ’ हे चित्र. निकालाशी भांडता येतं, काका भांडलेच.

वसईचा_वारा

आधी एक सांगतो. ‘व्यर्थ हो व्यर्थ’ मधल्या त्या ‘हो’ला हात लावू नका. तो हिब्रूत नाही, ग्रीकमध्ये नाही, तो इथल्या मातीतला आहे. कीर्तनकार दोन्ही हात वर करून ‘अहो’ म्हणतो तसा. आमच्याकडे म्हाताऱ्या माणसांना हे वाक्य पाठ आहे, कित्येकांच्या कानात ते आईच्या आवाजात आहे. पुस्तकं चाळून ‘वाफ’ आणाल, पण ती मयताच्या घरी वाचून दाखवा बघू.

आणि दुसरं, ग्रीक अनुवाद असा झटकून टाकू नका. रोमकरांस पत्रात आठव्या अध्यायात पौल सृष्टी ‘माताइओतेस’च्या ताब्यात गेली म्हणतो. ग्रीक उपदेशकातला तोच शब्द. ख्रिस्ती वाचकाला हा धागा महत्त्वाचा आहे. वाफ घातलीत की तो तुटला.

अश्दोदकर

नमस्कार मंडळी. इस्रायलहून लिहितोय, जन्म अलिबाग तालुक्यातला. इकडे हा शब्द रोजच्या वापरात आहे. कोणी काही अचाट बोललं की ‘हवालिम!’ म्हणायचं, आपण ‘काहीतरीच!’ म्हणतो तसं. ‘हेवेल पे’ म्हणजे तोंडचा श्वास, काचेवर फुंकर मारल्यावर धूसर उमटतो तो. म्हणजे तीन हजार वर्षांची वाफ अजून काचेवर आहे.

शंकासुर

अश्दोदकर, मग ते ‘खवाल’ म्हणतात तेही हेच का? माझा तिकडे असलेला चुलतभाऊ दर दोन वाक्यांनी म्हणतो.

अश्दोदकर

नाही नाही! तिथे सुरुवातीला घशातला ‘ख’ आहे, अक्षरच वेगळं. ‘खवाल’ म्हणजे अरेरे, हळहळ. ‘खवाल अल हाझमान’ म्हणजे वेळ फुकट गेला. पण पोरंटोरं तेच तीन शब्द ‘एकदम भारी’ या अर्थाने पण म्हणतात, तेव्हा चुलतभाऊ तुमची स्तुती करतो की कीव, हे चेहरा बघून ठरवा. हेवेलचा त्याच्याशी काही संबंध नाही.

नवगावची_नात

मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या यहुद्यांपैकी. या विषयावर आमच्या आजीची आठवण निघाल्याशिवाय राहवत नाही. आजीला हिब्रू वाचता यायचं, अर्थ मराठीतून. (आमच्या लोकांसाठी जॉन विल्सनने १८३२ साली मराठीतून हिब्रूचं व्याकरण लिहिलं, म्हणजे मराठी-हिब्रूचा हा संसार जुना आहे.) आम्ही भावंडं वाद घालायला लागलो की ती म्हणायची, “उगाच तोंडाची वाफ दवडू नका.”

आता मला सांगा, हेवेल याहून वेगळं काय आहे? श्वास आहे, वाफ आहे आणि फुकट गेलेली आहे. तीन अर्थांसाठी तुम्ही सगळे तीन शब्द शोधताय आणि मराठीने ते केव्हाच एका वाक्प्रचारात बांधून ठेवलेत. ‘हेवेल पे’ वाचलं आणि अंगावर काटा आला. शब्दशः तोंडाची वाफ!

खारी_बिस्किट

आजींना साष्टांग. धाग्याचं सार्थक झालं.

पाणिनीचा_पोपट

मान्य, हे चांगलं आहे. मी सहसा मान्य करत नाही.

मोदकपात्र

एरवी पाककृतींच्या धाग्यांवर असते, पण वाफ निघाली म्हणून आले. वाफ म्हणजे फुकट हे कोणी ठरवलं? एक वाफ काढा म्हटलं की भाजी शिजते, उकड होते, नाक चोंदलं की वाफारा घेतो. वाफ काम करते हो.

अश्दोदकर

मोदकपात्रताई, तुम्ही नकळत दोन हजार वर्षांच्या जुन्या चर्चेत शिरलात. शब्बाथला (यहुद्यांच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी) विस्तव पेटवायचा नाही, म्हणून शुक्रवारीच रांधलेलं अन्न गुंडाळून गरम ठेवायची पद्धत. ते कशात गुंडाळावं यावर मिश्ना या जुन्या यहुदी नियमसंग्रहातल्या शब्बाथ प्रकरणाचा चौथा अध्याय आहे. शेण नको, मीठ नको, चुना नको, वाळू नको. ओला पेंढा नको पण वाळलेला चालेल. कपडे, पिसं, लाकडाचा भुसा चालेल. कारण काय, तर पहिल्या यादीतल्या गोष्टी नुसती ऊब धरून ठेवत नाहीत, स्वतःची ऊब घालतात. आणि या ‘ऊब घालणाऱ्या’ वस्तूंना रब्बींचा, म्हणजे यहुदी धर्मगुरूंचा, शब्द आहे ‘मोसिफ हेवेल’. हेवेल वाढवणारे.

नवगावची_नात

आंब्याची अढी! पेंढ्यात हात घातला की लागते ती ऊब!

अश्दोदकर

अगदी तीच. आणि पुढचं ऐका. उपदेशकावरच्या मिद्राशमध्ये, म्हणजे रब्बींच्या जुन्या टीकेत, रब्बी हाच प्रश्न विचारतात: दाविदाने माणूस हेवेलसारखा म्हटलं, पण कुठल्या हेवेलसारखा? भट्टीच्या? त्यात दम आहे. चुलीच्या? त्यातही आहे. मग त्याचा मुलगा शलमोन, परंपरेने उपदेशक ज्याचं मानतात तो, त्याने उलगडा केला, हवेल हवालिम. एकावर एक सात मडकी चढवली तर सगळ्यांत वरच्या मडक्याची जी वाफ, तिच्यात काही नसतं. तो माणूस. सातच का, तर वाक्यातली हेवेलं मोजा. एकवचनी तीन, अनेकवचनी दोन, अनेकवचन म्हणजे किमान दोन. तीन अधिक चार, सात.

मोदकपात्र

वरच्या चाळणीतले मोदक कच्चे राहतात हे मी सांगितलं असतं की. रब्बी स्वयंपाकघरात डोकावत होते म्हणायचे.

पाणिनीचा_पोपट

वाफेच्या आनंदात सगळे वाहवत चाललेत म्हणून थोडं पाणी ओततो. अनुवादाची खरी परीक्षा उपदेशक ८:१४ ला (आठवा अध्याय, चौदावी ओळ) आहे. सज्जनाच्या वाट्याला दुर्जनाची फळं येतात, दुर्जनाच्या वाट्याला सज्जनाची, आणि कोहेलेत (उपदेशकाचं हिब्रू नाव) म्हणतो, हेही हेवेल. इथे ‘वाफ’ टाका. अन्यायाला वाफ म्हणणार? अन्याय विरून जातो का? बायबलचा अभ्यासक मायकेल फॉक्स याने १९८६ साली याच ओळीवर बोट ठेवून मांडलं होतं की हेवेल म्हणजे ‘अ‍ॅब्सर्ड’. केलेलं आणि मिळालेलं यांचा मेळ न बसणं. फ्रेंच लेखक काम्यूच्या अर्थाने. या ओळीत वाफ हरते.

अर्धवट_माहितगार

ही ओळ मलाही अडली होती, खोटं कशाला बोलू. पण उलट बाजूच्या दोन ओळी बघा. ९:९ ला तो सांगतो, ज्या बायकोवर प्रेम आहे तिच्यासोबत आयुष्याचे दिवस आनंदाने जग, तुझ्या हेवेलचे सगळे दिवस. ‘तुझ्या व्यर्थ आयुष्याचे दिवस’ म्हटलं की सल्ला राहतच नाही, टोमणा होतो. ‘अ‍ॅब्सर्ड आयुष्याचे’ म्हटलं तर बायको उठून जाईल. आणि ११:१० ला तारुण्य हेवेल आहे. तारुण्य निरर्थक? ते भर्रकन जातं म्हणून तर तो वर सांगतोय की मनातली चिंता काढ, मजा कर. इथे व्यर्थ चारी मुंड्या चीत.

८:१४ बद्दल इतकंच. स्वयंपाकघरात वाफ कोंडली की समोरचं दिसत नाही, चष्म्यावर धुकं येतं. न्यायाचं गणित बघायला जावं आणि काही दिसू नये, अशी वाफ तिथे चालेल का? ओढूनताणून आहे, कबूल.

पाणिनीचा_पोपट

ओढूनताणून आहे.

वसईचा_वारा

‘व्यर्थ’च्या जोडीला येणारं ‘वायफळ उद्योग’ कोणीच काढलं नाही. ‘सर्वकाही व्यर्थ व वायफळ उद्योग’. मराठी अनुवादकांना शिव्या घालायच्या तर आधी याला दाद द्या. ‘वायफळ’ म्हणताना कानात वारा वाजतोच, आणि मूळ हिब्रूत वाराच आहे.

अर्धवट_माहितगार

दाद आहेच! मूळात ‘रेऊत रुआख’. रुआख म्हणजे वारा, आत्माही. रेऊतचा धातू बहुतेक जण गुरं चारण्याचा, राखण्याचा धरतात. बायबलमधल्या होशेयाच्या पुस्तकात एफ्राइम (म्हणजे इस्राएलचे लोक) ‘वारा चारतो’ आणि दिवसभर पूर्वेच्या वाऱ्यामागे धावतो. आपल्याकडे गुरं ‘वळतात’. वारा वळायला जाणं! काठी घेऊन रानात उभा असलेला गुराखी आणि पुढ्यात वारा. इंग्रजीवाल्यांनी १६११ला याचं ‘आत्म्याचा त्रास’ करून टाकलं होतं. त्यापुढे ‘वायफळ उद्योग’ शंभर पटीने बरा.

खारी_बिस्किट

कोणी हाबेलबद्दल का बोलत नाही? काइन आणि हाबेलमधला हाबेल. (इस्लामी परंपरेत काबील-हाबील.) हिब्रूत त्याचं नाव ‘हेवेल’च आहे! तेच अक्षर न अक्षर. काइन जन्मला तेव्हा हव्वेने नावाचं कारण सांगितलं, मी ‘मिळवला’ म्हणून. धाकट्याच्या नावाचं कारणच सांगितलेलं नाही. एकाचं नाव कमाई, दुसऱ्याचं वाफ. कमाईने वाफेला रानात नेऊन मारलं. दोन ओळींत आला आणि गेला, गोष्टीत एक शब्दही बोलत नाही पोरगा. मेल्यावर बोलतं ते त्याचं रक्त.

आता ‘सगळं हेवेल आहे’ हे वाक्य हिब्रू कानाने ऐका. प्रत्येक जण हाबेल आहे. ग्रीकने नाव उचललं आणि अर्थ तिथेच ठेवला, म्हणून ‘व्यर्थ’ आणि ‘हाबेल’ एकच शब्द आहे हे आपल्याला कळायला हा असला धागा लागतो.

शंकासुर

...

इतका वेळ टवाळकी करत होतो, थांबलो. हे माहीत नव्हतं.

मोदकपात्र

धागाकर्ते, आता तुमचा अनुवाद टाका की. नुसतं बोलाचीच कढी.

अर्धवट_माहितगार

टाकतो. हसू नका.

“वाफेतली वाफ, कोहेलेत म्हणतो,
वाफेतली वाफ, सगळी वाफच.
माणूस उन्हात राबराब राबतो,
हिशेबाला शिल्लक काय?”

‘कोहेलेत’ तसंच ठेवलं. ‘सभा भरवणारा’ असा काहीसा अर्थ आहे, ‘उपदेशक’ म्हटलं की पांढरा झगा दिसतो. हा माणूस उपदेश कमी आणि तक्रार जास्त करतो.

पाणिनीचा_पोपट

‘वाफेतली’ चुकलं. वाफेच्या आत वाफ, असं वाचलं जाईल. ‘वाफांतली वाफ’ हवं, अनेकवचन. ‘उन्हात’ पण चालणार नाही. ‘सूर्याखाली’ म्हणजे या जगात, जिवंतपणी. तुम्ही त्याला शेतावर पाठवलंत. ‘हिशेबाला शिल्लक’ मात्र माझ्याकडून घेतलंय, ते उत्तम आहे.

वसईचा_वारा

वाचलं मोठ्याने. पहिल्या ओळीला कुकरची शिट्टी ऐकू आली. माफ करा. शेवटची ओळ मात्र लागली. ती आमच्या वाचनात असती तर बरं झालं असतं.

नवगावची_नात

मला शिट्टी ऐकू नाही आली. आजी ऐकू आली. ज्याचे त्याचे कान.

अश्दोदकर

आणखी एक देतो आणि झोपतो, इकडे उद्या रविवार म्हणजे कामाचा दिवस. तालमुदात (मिश्नावरच्या रब्बींच्या चर्चांचा मोठा ग्रंथ), शब्बाथ प्रकरणातच, ११९व्या पानाच्या मागच्या बाजूला एक वाक्य आहे: जग टिकून आहे ते केवळ शाळेत शिकणाऱ्या लेकरांच्या तोंडच्या हेवेलवर. पाढे, धडे घोकताना निघते ती. पुढे रव पापा हा रब्बी अब्बये या दुसऱ्या रब्बीला विचारतो, मग तुझ्या-माझ्या हेवेलचं काय? अब्बये म्हणतो, पाप असलेलं हेवेल आणि पाप नसलेलं हेवेल सारखं नव्हे.

याचा करा अनुवाद.

अर्धवट_माहितगार

“जग तगून आहे ते शाळेतल्या लेकरांच्या तोंडच्या वाफेवर.”

एक अक्षर बदलावं लागलं नाही. इथे ‘व्यर्थ’ घालून बघा कोणी.

पाणिनीचा_पोपट

इथे नाही जमत. ८:१४ अजून तुमच्याकडे बाकी आहे.

वसईचा_वारा

ते लेकरांचं वाक्य मी उद्या त्या काकांना वाचून दाखवतो. त्यांची चारही पोरं त्यांनीच पाढे घोकून घेत शिकवली.